आधी अर्थिंग, मंग आरती

सोपानमामा कुणाच्याही घरी गेले, की आधी मीटर बघतात. पाण्याचा तांब्या पुढे केला तरी "थांब जरा" म्हणून तसेच दारामागे जातात, बोर्डाचं झाकण उघडतात, दोनदा हुंगतात आणि मग येऊन बसतात. हुंगायचं कशाला, तर वायर तापत असली की तिचा आधी वास येतो. वास आला नाही तर मामा चहा घेतात. आला तर चहा तसाच निवतो आणि घरातल्यांची शाळा भरते.

हे मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. राहणार कुंभार पिंपळगाव. शेती, विहीर आणि विहिरीवरची मोटर एवढा त्यांचा संसार. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे बहिणींची लग्नं उरकता उरकता राहून गेलं, असं सासूबाई सांगतात. त्या मोटरीशी उभी हयात भांडून मामांनी विजेचं ज्ञान मिळवलंय. त्यातलं निम्मं बरोबर असतं आणि निम्मं फक्त मोटरीला लागू पडतं. पण दोन्ही निम्मी ते सारख्याच ठणठणीत आवाजात सांगतात. इतर माणसांच्या खिशाला पेन असतो, मामांच्या खिशाला टेस्टर.

माझ्या नणंदेचं स्थळ बघायला सगळे केदारखेड्याला गेले होते, तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. मुलगा चांगला, जमीन चांगली, नवीन बांधलेलं घर. पोहे आले. मामा नेहमीप्रमाणे दारामागे जाऊन आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं झकास हाय. घर बी झकास हाय. पन अर्थिंग न्हाई."

मुलाचे वडील गोंधळले. "ते काय असतंय?"

"तेच तर म्हनून राह्यलो," मामा म्हणाले.

लग्न झालं, पण हळदीच्या आधी अंगणात खड्डा खणून पाइप पुरला तेव्हा. व्याही आजही त्या जागेला 'सोपानरावांचा खड्डा' म्हणतात आणि नणंद उन्हाळ्यात तिथं बादलीभर पाणी ओतते, कारण अर्थिंगची माती ओली लागते.

एकदा चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो. ही भलीमोठी रांग. वाटेत एका दुकानदाराने बल्बची वायर लोखंडी पाइपाला गुंडाळली होती आणि तिचं वरचं आवरण सोललेलं होतं. मामा तिथेच थांबले. मागचे लोक ओरडायला लागले, "ओ बाबा, चला की, आरती चालू व्हायली!" मामांनी मागे वळून हात जोडले आणि म्हणाले, "आधी अर्थिंग, मंग आरती." दुकानदाराने वायर सोडवून वर बांधली तेव्हाच रांग हलली. आरती अर्थातच चुकली. पण तेव्हापासून हे वाक्य मामांना चिकटलं ते चिकटलंच.

विजेबद्दल त्यांचा आणखी एक सिद्धांत आहे. "वीज म्हंजे जावई. मान ठिवला तर गुनाचा. न्हाई ठिवला तर घर जाळल."

तर अशा मामांना आमच्या घरी बोलवायची वेळ आली, ती माझ्या ओव्हनमुळे.

आम्ही जालन्यात राहतो. माझा नवरा संतोष बियाण्यांच्या कंपनीत कामाला आहे, लेकरू शाळेत जातं. मी घरी केक आणि नानकटाई करून विकते. सुरुवातीला कुकरमध्ये वाळू घालून करायचे, नंतर एक लहानसा ओव्हन घेतला. त्यात एका वेळी मोजक्याच नानकटाया मावायच्या. गल्लीतले लोक आधी चव बघायला म्हणून मागायचे, मग वाढदिवसाला मागायला लागले. शेवटी धीर करून तीन हजार वॅटचा मोठा ओव्हन घेतला. टेम्पोतून उतरवला तेव्हा शेजारच्या बायका नवरी बघायला याव्यात तशा येऊन बघून गेल्या. त्यातल्याच एकीने नातवाच्या बारशाला नानकटाईची ऑर्डर दिली. माझी आजवरची सगळ्यात मोठी.

ओव्हनची पिन चांगली जाडजूड होती आणि स्वयंपाकघरातलं सॉकेट मिक्सरचं, बारक्या भोकांचं. दुकानदार म्हणाला होता, "बाई, कुठंही लावा, चालतंय." संतोष संध्याकाळी येताना एक अ‍ॅडॅप्टर घेऊन आला. म्हणाला, "ही जाड पिन ह्यात घाल, हे मिक्सरच्या पॉइंटला लाव, झालं."

सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "दादाला इचारल्याबगर काहीच लावायचं न्हाई." आणि त्यांनी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मामा हजर. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कोळशाचं पोतं, काखेत खडेमिठाची पुडी. कोळशाच्या पोत्यावरून कंडक्टरशी वाद झाला होता आणि शेजारच्या प्रवाशाच्या पांढऱ्या पायजम्यावर त्याची साक्षही उमटली होती म्हणे.

"कोळसा कशाला आणला मामा? ओव्हन विजेवर चालतो," मी म्हटलं.

"ओव्हनला न्हाई गं, जमिनीला," मामा म्हणाले आणि दारामागे गेले. हुंगून आले. मग ओव्हनभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागचा पत्रा वाचला आणि सॉकेटकडे बघितलं. संतोषचा अ‍ॅडॅप्टर उचलून त्यांनी सरळ स्वतःच्या खिशात टाकला.

"अहो मामा, नवीन आहे तो," संतोष म्हणाला.

"म्हून तर घेतला. जुना झाला आसता तर जळालेला भेटला आसता. संतू, ह्या पॉइंटची वायर बघ, शेवईवानी. ह्याच्यावरून एवढा लोड ओढायचा? जावयाला येगळी खोली लागती. ह्याला बी येगळी लाईन पाहिजे. पार मेनपासून."

वायरमन शोधायला मामा स्वतः बाहेर पडले. पहिला आणला तो स्कूटरवरून उतरायच्या आतच म्हणाला, "अर्ध्या घंट्याचं काम आहे." त्याने सॉकेट उघडून बघितलं आणि सांगितलं, "अर्थिंगचा खर्चा कशाला करता? न्यूट्रललाच एक तुकडा जोडून देतो. तेच अर्थिंगचं काम करतं."

मामांनी त्याला प्रेमाने विचारलं, "लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय की."

"मंग जल्दी घरी जा. बायको वाट बघून राह्यली आसल."

तो गेल्यावर मी वैतागले. बारसं जवळ येत होतं. मामा म्हणाले, "अगं पोरी, ती न्यूट्रलची वायर कुठं तुटली, तर सगळा करंट त्या डब्याच्या अंगात यील. आन् तू दार उघडायला हात लावशील." आणि ते टेस्टरचं टोपण लावत, काढत बसले.

दुसरे आले ते इकबालभाई. पन्नाशीतला शांत माणूस, बोलणं कमी. मामांनी मुलाखत सुरू केली, पण इकबालभाई उत्तरं देत बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून दोन वायरी लावलेला एक बल्ब काढला. वायरीचं एक टोक सॉकेटच्या फेजला लावलं, दुसरं अर्थच्या भोकाला. "अर्थ जिवंत असलं तर बल्ब पेटेल," ते म्हणाले.

बल्ब पेटला नाही.

घरातली सगळी सॉकेटं तपासली. फ्रिजचं, वॉशिंग मशिनचं, गीझरचं. कुठेच पेटला नाही. मग इकबालभाईंनी बोर्डामागचं प्लास्टर थोडं फोडलं. बोर्डात हिरवी वायर दिसत होती, अगदी छान. ती भिंतीत वीतभर गेली होती आणि तिथंच संपली होती. बांधणाऱ्याने ती दाखवण्यापुरती लावली होती.

मला वाटलं, आता मामा गल्ली डोक्यावर घेणार. पण मामा स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी दर खेपेला येऊन वास घेऊन राह्यलो," ते म्हणाले, "हिरवी वायर बघून राह्यलो. आन् ही आत मेलेली. गोदी इतके वर्सं ह्या फ्रिजला हात लावून राह्यली, मला बिलकुल पत्ता न्हाई." गोदी म्हणजे माझ्या सासूबाई.

सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "काही झालं का मला? न्हाई ना? मंग घे च्या."

चहा पिऊन मामा उठले आणि कुदळ मागितली. आमच्या घरासमोर माती म्हणावी अशी एकच जागा आहे आणि तिथे सासूबाईंचा कढीपत्ता आहे. मामांनी तिथे रेघ ओढली. सासूबाई कढीपत्त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दादा, माझ्या झाडाला हात लावायचा न्हाई."

"गोदे, जीव मोठा का कढीपत्ता?"

"तू जीव वाचवशील, पन फोडणीत काय घालू, तुझा टेस्टर?"

इकबालभाईंनी मध्ये पडून खड्डा दोन हात सरकवला. झाडही राहिलं, अर्थिंगही झालं. खोल खड्ड्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, पाणी ओतलं. इकबालभाई म्हणाले की हल्ली ह्यासाठी तयार पावडर मिळते, पण मामांनी एसटीतून पोतं आणलं होतं, ते वाया कसं जाऊ देणार?

पुढचे दोन-तीन दिवस दोघांची जुगलबंदी चालली. इकबालभाई वायर दाखवायचे, मामा म्हणायचे, "बारीक हाय." तिच्याहून जाड दाखवली, तरी "बारीकच हाय." शेवटी इकबालभाई कधी नव्हे ते हसले आणि म्हणाले, "चाचा, ये ओव्हन है, कुआँ नहीं." मामांना ते पटलं असावं, कारण ते दुसरीकडे बघायला लागले.

मेन बोर्डापासून ओव्हनपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर आली. तिला तिचा स्वतःचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा खटका आला, जाड पिनेचं सॉकेट आलं. मेनजवळ एक ट्रिप स्विच बसवला, करंट कुठे गळायला लागला की क्षणात बंद करणारा. नवीन अर्थची वायर सगळ्या घरात फिरवली. ओव्हन भिंतीपासून हातभर पुढे ठेवला, मागून हवा खेळायला. मामांनी मला बजावलं, "ह्या सॉकेटात ह्याच्याबगर काही लावायचं न्हाई. मोबाइल बी न्हाई."

सगळं झालं तेव्हा दुपार झाली होती. इकबालभाई म्हणाले, "मी जेवून येतो. मग करंट मोजायचा मीटर लावून तपासतो आणि चालू करतो. तोपर्यंत कोणी हात लावू नका."

ते गेले आणि मामांची एकदम लगबग सुरू झाली. "गोदे, नारळ आन की दुकानातून. ज्योती, तू देवघरात जाऊन हळदीकुंकू, फुलं काढ. नव्या वस्तूची पूजा नको का?" मला गंमत वाटली. आरतीच्या आधी अर्थिंग म्हणणारा माणूस आज स्वतःहून पूजेचं म्हणतोय! सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या. मी ताट काढलं, पण काडेपेटी स्वयंपाकघरात राहिली होती, म्हणून मागे वळले.

स्वयंपाकघरात मामा लाकडी पाटावर उभे होते. पायात कोरड्या रबरी चपला. डावा हात पाठीमागे धरलेला. ओव्हनचं बटण त्यांनी चालू केलं होतं, आतला पिवळा दिवा लागला होता. आणि उजव्या हाताची मागची बाजू ते हळूहळू ओव्हनच्या दाराजवळ नेत होते.

"मामा!"

त्यांनी हात मागे घेतला आणि बटण बंद केलं. चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"इकबालभाईंनी हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?"

"सांगितलंय. पन कोनी तरी पहिला हात लावनारच ना, ज्योती. मीटरनं कितीबी दाखवलं तरी मानसाचा हात लागतोच. मंग मीच लावलेला बरा."

"तुम्हीच का?"

मामांनी थोडा विचार केला. शेतात कुठल्या ओळीत काय पेरायचं ते सांगावं, इतक्या सहज म्हणाले, "तुला लेकरू हाय. संतूला नौकरी हाय. गोदीला तुम्ही सगळे हाय. माझ्याकडं कोन बघून राह्यलंय? सातबारा बी पुतन्याच्या नावावर करून दिलाय. माझं काही अडत न्हाई."

"म्हणजे आधीही तुम्ही असंच..."

"सगळीकडंच. गोदीचा फ्रिज, गीझर. केदारखेड्याला पोरीचं कूलर. सगळ्यायला बाहेर पाठवायचं आन् एकदा हात लावून बघायचा. त्याच्यात काय एवढं!"

  मी ताट ओट्यावर ठेवलं आणि पाटाशेजारी जाऊन उभी राहिले.

"चालू करा," मी म्हटलं. "मीपण लावते हात. दोघं मिळून लावू."

"येडी का काय तू! व्हय बाहेर."

"नाही होत."

"ज्योती, बाहेर व्हय म्हंतो ना!"

"तुमचं काही अडत नाही तर माझंही नाही अडत."

 मामा पाटावरून खाली उतरले. मी पाट घेऊन भिंतीला लावला आणि आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसलो.  सासूबाई नारळ घेऊन आल्या, आम्हाला असं बसलेलं बघून "काय झालं?" म्हणाल्या. मामा म्हणाले, "काही न्हाई, जेवन जड झालं."

इकबालभाई आले. त्यांनी मीटर लावला, ओव्हनचा पत्रा, दार, मूठ, सगळीकडे टेकवून बघितला. मग मेनजवळच्या ट्रिप स्विचचं तपासणीचं बटण दाबलं. टक्कन आवाज आला आणि सगळं घर बंद पडलं. पुन्हा चालू केलं. "बराबर आहे. आता कोणीही हात लावा."

मी त्यांना दुपारची हकिगत सांगितली. मामा माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, पण मी सांगितलीच. इकबालभाईंनी मीटरची वायर गुंडाळत म्हटलं, "चाचा, उसी काम के लिए तो ये बनाया है. आदमी को काहे को लगाते?" आणि आपला मीटर त्यांनी मामांच्या हातात दिला. कसा धरायचा, आकडा कुठे बघायचा, ते दाखवलं. मामांनी आमच्या घरातली सगळी सॉकेटं स्वतः तपासली. फ्रिजसमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले.

संध्याकाळी पहिल्या ट्रेमधली नानकटाई मी मामांना दिली. त्यांनी तुकडा मोडला, हुंगला, तोंडात टाकला. "बराबर हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पन एकदम बराबर न्हाई. साखर जास्ती झाली."

बारशाची ऑर्डर वेळेत गेली. साखर मी कमी केली होती.

मामा निघाले त्या दिवशी मीच त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. एरवी संतोष स्कूटरवर सोडून येतो आणि मी दारातूनच हात हलवते. मामांच्या हातात नानकटाईचा डबा होता. घनसावंगीकडची गाडी लागली. ते खिडकीत जागा धरून बसले, आणि मी खालून म्हटलं, "मामा, पोचल्यावर फोन करा."

"कामून?"

"पोचलात का ते कळायला."

त्यांना ते नीट समजलं नाही, असं मला वाटलं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, तेवढ्यात गाडी सुटली. घरी येताना माझ्या लक्षात आलं, की आम्ही सगळे मामांना फोन करायचो तो घरात काही नवी वस्तू आली की. ते पोचले का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनीही नाही. मामा काय, पोचणारच, असं सगळे धरून चालायचो.

मी घरी येऊन पीठ मळायला घेतलं आणि फोन वाजला.

"ज्योती, अंबडला पोचलो."

"बरं मामा."

थोड्या वेळाने पुन्हा. "घनसावंगीला आलो. गाडीत गर्दी हाय, पन मला जागा हाय."

मग, "पिंपळगावात उतरलो. आज बाजार हाय."

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "याला काय झालंय आज?" मी पिठाचे हात तसेच धरून चौथ्या फोनची वाट बघत उभी राहिले. तो यायला जरा वेळ लागला.

"ज्योती, घरी आलो. कुलूप काढलं. आता आत येऊन बसलो."

"पाणी प्यालात का?"

पलीकडे डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"न्हाई आजून," मामा म्हणाले. "पितो. थांब, ठिवू नको."

मी फोन कानाला धरून थांबले. चपला वाजल्या, माठावरचं झाकण निघालं, तांब्या बुडाल्याचा आवाज आला, आणि मग मामा घटाघटा पाणी पिताना मला ऐकू यायला लागले.